बॅटरीच्या डोक्यावरचं मोरचूद

जुलैचा शेवटचा आठवडा आला की वेसाव्याच्या खाडीकाठी कामाला वेग येतो. पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. ओढून ठेवलेल्या बोटींना रंग लागतो, जाळी सांधली जातात, बर्फ आणि डिझेलची जुळवाजुळव सुरू होते. मग इंजिन तपासायची वेळ येते. चावी फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज होतो आणि इंजिन जागचं हलत नाही. तेव्हा बहुतेकांच्या तोंडून एकच निदान बाहेर पडतं : बॅटरी गेली.

कधी कधी ती खरंच गेलेली असते. पण पुष्कळदा बॅटरी आतून धडधाकट असते आणि बिघाड तिच्या डोक्यावर, शिशाच्या दोन खुंट्यांशी, सगळ्यांना दिसेल असा बसलेला असतो. टर्मिनलभोवती निळसर-हिरवी, मधेच पांढरी, हाताला भुसभुशीत लागणारी खपली जमलेली असते. ती काढायला खाण्याचा सोडा, ब्रश आणि पाऊण तास लागतो. नवी बॅटरी घ्यायला हजारो रुपये लागतात. या प्रकरणाचा विषय ही खपली आहे, कारण तारेच्या विजेपासून दूर असलेल्या कुठल्याही वीजव्यवस्थेत सर्वांत जास्त पैसा बॅटरीवर खर्च होतो आणि त्यातला बराच अकारण खर्च होतो, तो या खपलीमुळे.

मुंबईच्या उपनगरांत तारेवाचूनची वीज कुठून आली, असं वाटणं साहजिक आहे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली, तेव्हापासून इथं तारेनं वीज येते. आज पश्चिम उपनगरांना अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर पुरवतात, मुलुंड-भांडुपकडे महावितरण आहे, आणि राज्यातल्या इतर भागांच्या मानानं इथली वीज क्वचितच जाते. तरीही वेसावे, मढ, मनोरी, गोराई इथली मासेमारी बोट बंदरातून सुटली की एक स्वतंत्र वीजकेंद्र होते. इंजिनावरचा अल्टरनेटर वीज तयार करतो, बॅटरी ती साठवते, आणि त्या साठ्यावर दिवे, जीपीएस, फिश फाइंडर आणि व्हीएचएफ रेडिओ चालतात. किनाऱ्यापासून कित्येक सागरी मैलांवर रेडिओ बंद पडला, तर शेजारच्या घरी जाऊन फोन करायची सोय नसते.

दुसरी जागा जंगलाची. गोरेगावच्या आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आदिवासी पाडे आहेत. यातल्या काही पाड्यांपर्यंत विजेची तार कित्येक वर्षं पोचलीच नाही. जमीन एका खात्याची, रस्ता दुसऱ्याचा, ना-हरकत पत्र तिसऱ्याकडून. डोंगर उतरलं की झगमगणारा द्रुतगती महामार्ग आणि वर काळोख, अशा परिस्थितीत वारली कुटुंबांनी या महानगराच्या हद्दीतच दिवस काढले, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करायला हवी. अशा ठिकाणी संस्थांनी, दात्यांनी सौरदिवे आणि छोटे सौरसंच दिले. पॅनल पंचवीस वर्षं टिकतं, पण संच दोन-तीन वर्षांत अंधारा होतो, तो बॅटरीच्या बाजूनं.

तिसरी जागा अंधेरी-घाटकोपरच्या उंच इमारतींच्या तळघरात आहे. तिथं जनरेटर असतो, आणि तो सुरू करायला बॅटरी असते. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि आजारी माणसाच्या उशाशी असलेलं यंत्र अशा सकाळी जनरेटरवर अवलंबून असतं, आणि जनरेटर स्वतः त्या टर्मिनलवर.

ही खपली वीज अडवते म्हणजे नेमकं काय करते, ते आकड्यांत पाहू. घासूनपुसून घट्ट बसवलेल्या सांध्याचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. खपली धरलेल्या सांध्याचा रोध सहज ओहमच्या शंभराव्या भागापर्यंत जातो. ऐकताना हे दोन्ही नगण्य वाटतात. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये लहान प्रवाहाला ते नगण्य असतातही. पण १२ व्होल्टची व्यवस्था वेगळी. तेवढंच काम करायला तिथं जवळजवळ वीसपट प्रवाह वाहावा लागतो. ६०० वॉटचा भार इन्व्हर्टरवर टाकला, तर इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून सुमारे ६० अँपिअर निघतात. ओहमच्या शंभराव्या भागातून ६० अँपिअर गेले की तिथल्या तिथं ०.६ व्होल्ट गळतात, आणि नखाएवढ्या जागेत ३६ वॉट उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेनं शिसं मऊ पडतं, वायरचं प्लास्टिक पिवळं होतं, सांधा आणखी सैल होतो, आणि सैल सांध्याचा रोध पुन्हा वाढतो.

बोटीच्या स्टार्टरची भूक त्याहून मोठी. तो क्षणभरासाठी २०० अँपिअर ओढू पाहतो. त्याच सांध्यावर आता २ व्होल्ट नाहीसे होतात. इंजिन फिरवताना बॅटरीचा दाब तसाही साडेदहा-अकरा व्होल्टपर्यंत उतरलेला असतो. त्यातून २ वजा झाले की स्टार्टरला पुरेल इतकं काही उरत नाही. दिवे मात्र लागतात, कारण त्यांना दोन-चार अँपिअर पुरतात आणि तेवढे त्या खपलीतूनही येतात. दिवा लागतोय पण इंजिन फिरत नाही, हे लक्षण दिसलं की बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल पाहायचं.

आता ही खपली येते कुठून ते. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यानं १८५९ साली बनवली, आणि मूळ रचना आजही तीच आहे : शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल. चार्जिंग शेवटच्या टप्प्यात आलं की आतल्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात. बुडबुडा फुटताना आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवतो. ते झाकणांच्या छिद्रांतून बाहेर येऊन बॅटरीच्या माथ्यावर बसतात. शिवाय खुंटी जिथं प्लास्टिकच्या पेटीतून वर येते तिथलं सील जुनं झालं, की आम्ल त्या फटीतून खुंटीला धरून वर चढतं.

वर त्याला तांबं भेटतं. वायरच्या टोकाला दाबून बसवलेला लग तांब्याचा, खुंटीला आवळणारा क्लॅम्प बहुधा पितळेचा. आम्ल, ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांब्याचं सल्फेट करतात. ते म्हणजेच मोरचूद. द्राक्षबागांत आणि सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी वापरतात ते हेच निळं रसायन. पांढरा भाग शिशाच्या सल्फेटचा असतो.

ही खपली धन टर्मिनलवर जास्त का दिसते, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. बॅटरीचा माथा आम्लाच्या दवानं आणि धुळीनं ओला झाला, की त्या ओल्या थरातून धन टर्मिनलकडून ऋण टर्मिनलकडे एक बारीकसा प्रवाह सतत झिरपत राहतो. जिथून प्रवाह ओल्या थरात शिरतो तिथला धातू विरघळतो. मुलामा देण्याच्या कारखान्यात जे मुद्दाम करतात, ते इथं आपोआप चालू राहतं. तार आणि टेलिफोन खात्यातल्या जुन्या अभियंत्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. म्हणूनच टेलिफोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचं धन टोक जमिनीला जोडायची पद्धत पडली. त्यामुळे जमिनीखालच्या तांब्याच्या तारा ऋण बाजूला राहतात, आणि ओलाव्यातून गळती झाली तरी तांबं खाल्लं जात नाही. आजचे मोबाइल टॉवरही उणे ४८ व्होल्टवरच चालतात.

यात भर पडते ती आपल्या हवेची. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. पावसाळ्याचे चार महिने आणि एरवीही बहुतेक पहाटे मुंबईची हवा पंचाहत्तरीच्या पुढं असते. वेसाव्याच्या किनाऱ्यावर उभ्या केलेल्या बोटीत बॅटरीच्या माथ्यावर बसलेलं मीठ म्हणजे सदैव ओला राहणारा, वीज वाहून नेणारा लेप. बंदीचे दोन महिने बॅटरी नुसती पडून असते, पण त्या लेपातून ती थोडी थोडी रिकामी होत राहते. साध्या पाणी भरायच्या बॅटरीचा चार्ज तसाही महिन्याला पाचेक टक्क्यांनी आपोआप उतरतो, आणि उष्ण हवेत हे प्रमाण वाढतं. लेपाची गळती त्यावर आणखी.

याची खात्री करून घ्यायची एक सोपी रीत आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी सळई ऋण टर्मिनलला लावायची आणि लाल सळई बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावर टेकवून हळूहळू सरकवायची. माथा स्वच्छ असेल तर काटा शून्याशी राहतो. घाणेरडा असेल तर कोऱ्या प्लास्टिकवर एक, दोन, कधी त्याहून जास्त व्होल्ट दिसतात. ज्याला गळती पटत नाही त्याला हे एकदा दाखवावं.

बोटीवर तिसरी एक गोष्ट घडते : वेगवेगळे धातू एकमेकांना खातात. १७६१ साली ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी तपासलं, तर तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. जिथं पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून मधे राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकत्र आली की लोखंड जातं. बॅटरीवरचा साधा लोखंडी नट-बोल्ट हाच प्रकार भोगतो. म्हणून खपली निळी-हिरवी नसून नुसता तांबडा गंज दिसला, तर दोष बॅटरीच्या आम्लाचा नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घालायला हवा.

सौरसंचात नुकसान याहून खोल जातं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर नावाची डबी असते. बॅटरी भरली की चार्जिंग आवरायचं आणि रिकामी होऊ लागली की दिवे तोडायचे, ही तिची दोन कामं. दोन्ही कामं ती व्होल्टेज पाहून करते. पण ती व्होल्टेज पाहते स्वतःच्या स्क्रूपाशी. बॅटरीच्या खुंटीवर प्रत्यक्षात किती आहे ते तिला कळत नाही.

समजा सांध्यावर अर्धा व्होल्ट गळतो आहे. दुपारी चार्जिंग चालू असताना कंट्रोलरला १४.४ व्होल्ट दिसतात. बॅटरी भरत आली असं समजून तो प्रवाह आवरायला लागतो. बॅटरीला मात्र १३.९ च मिळत असतात. प्रवाह कमी होत गेला की गळतीही कमी होते आणि कंट्रोलरचा अंदाज हळूहळू खऱ्याजवळ येतो, हे खरं. पण तोवर ऊन उतरलेलं असतं. पावसाळ्यात तर मुळात ऊनच दोन-तीन तासांचं. संध्याकाळी उलट होतं. दिवे, पंखा, मोबाइलचं चार्जिंग सुरू झालं की त्याच सांध्यावर पुन्हा व्होल्ट गळतात, कंट्रोलरला बॅटरी आहे त्याहून रिकामी दिसते आणि तो वेळेआधी दिवे तोडतो. घरातली माणसं म्हणतात, दिवसभर ऊन होतं तरी आठ वाजता अंधार, म्हणजे बॅटरी खराब.

सुरुवातीला ती खराब नसते. पण रोज अर्धपोटी राहिली की होते. वापरताना बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात, आणि पुरेसं चार्जिंग झालं की ते पुन्हा विरघळतात. ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर मोठे, कठीण स्फटिक होतात आणि मग कुठल्याही चार्जिंगला दाद देत नाहीत. म्हणजे बाहेरच्या सांध्यावरची दोन चिमटी खपली काही महिन्यांत आतली बॅटरी खरोखर मारते. दान मिळालेले सौरसंच बंद पडतात तेव्हा 'लोकांनी नीट वापरलं नाही' असं सहज बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. संच देताना सोबत एक ब्रश, एक पाना आणि तासाभराची माहिती दिली नाही, तर तो संच अर्धवटच दिलेला असतो.

ही जबाबदारी आधीच ठरवलेली व्यवस्था पाहायची असेल तर जुन्नर तालुक्यातलं दरेवाडी पाहावं. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या संस्थेनं २०१२ साली तिथं ९.४ किलोवॉटचं सौर सूक्ष्मजाळं उभारलं आणि चाळीसेक घरांना वीज दिली. बॅटऱ्यांचा संच एका जागी, प्रत्येक घराला मीटर, आणि वापराप्रमाणे बिल. गोळा झालेला पैसा गावाच्याच हाती राहतो आणि देखभालीला, पुढं बॅटऱ्या बदलायला उपयोगी पडतो. देखभाल कोण करणार आणि खर्च कुठून येणार, हे दोन्ही प्रश्न तिथं पहिल्याच दिवशी सोडवले होते. आरेतल्या एखाद्या घराच्या भिंतीवर अडकवलेल्या सुट्या संचाला असं कोणी वाली नसतं, म्हणून त्या घरातल्याच एखाद्या मुलामुलीला हे काम यायला हवं. ते अवघड नाही.

आधी निदान. सांधा वाईट आहे की नाही हे नुसतं पाहून ठरवू नये. काही वेळा वरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत करडा थर असतो. भार चालू ठेवायचा, म्हणजे इन्व्हर्टरवर पंखे-दिवे लावायचे किंवा बोटीवर दुसऱ्याला चावी फिरवायला सांगायची. मग मल्टीमीटरची एक सळई थेट शिशाच्या खुंटीच्या माथ्यावर आणि दुसरी त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर टेकवायची. चांगल्या सांध्यावर आकडा जवळजवळ शून्य असतो. ०.१ व्होल्टच्या वर गेला तर सांधा उघडायला हवा. भार बंद ठेवून मोजलं तर वाईटातला वाईट सांधाही शून्य दाखवतो, आणि बरेच लोक इथंच फसतात. मल्टीमीटर नसेल तर भार अर्धा तास चालवून बंद करावा आणि क्लॅम्पजवळ हाताचा मागचा भाग नेऊन पाहावा. एकच टर्मिनल गरम लागलं, तर दोषी तेच.

उघडताना क्रम महत्त्वाचा. आधी सगळा भार बंद. इन्व्हर्टर असेल तर त्याचं मेनवरचं चार्जिंगही बंद. सौरसंचात यानंतर पॅनलची तार कंट्रोलरपासून तोडायची, आणि ती बॅटरीच्या आधी तोडायची. बॅटरी आधी सोडवली तर पॅनलचा १८-२० व्होल्टचा दाब आवरायला काही उरत नाही, आणि कंट्रोलर किंवा त्याला लावलेले दिवे जळू शकतात. मग ऋण टर्मिनल काढायचं, शेवटी धन. बोटीत ऋण बाजू इंजिनाच्या धातूला जोडलेली असते. धन टर्मिनल आधी सोडवायला गेलात आणि पाना इंजिनाला टेकला, तर बॅटरीतले शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. पान्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळावी. अंगठी, धातूचं घड्याळ, कडं काढून ठेवावं. अशा वेळी अंगठी क्षणात तापून बोट भाजल्याचे अपघात होतात.

बंद खोक्यात किंवा फळीखाली बॅटरी असेल तर झाकण उघडून थोडा वेळ वारा खेळू द्यावा. हायड्रोजन हलका असल्यामुळे खोक्याच्या वरच्या कोपऱ्यात साठतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीनं स्फोट होतो. फुटलेली बॅटरी आम्ल उडवते. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालायला आळस करू नये. आम्ल डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. सोडा डोळ्यांजवळ न्यायचा नाही.

आता धुणं. कपभर कोमट पाण्यात एक-दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरीची झाकणं आधी घट्ट बसलेली आहेत ना ते पाहावं, कारण हे पाणी आत गेलं तर आतलं आम्लही निष्प्रभ होईल. जुन्या ब्रशनं हे पाणी खपलीवर लावलं की ती फसफसते. सोड्याशी आम्लाची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच हा फेस. फेस थांबला म्हणजे आम्ल संपलं. तोवर पुन्हा पुन्हा लावायचं, मग साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं. ब्रशनं कोरडी खपली घासत बसू नये. तिच्यात शिसं असतं आणि तो भुगा नाकातोंडात जातो.

यानंतर धातू उघडा करायचा. खुंटीवर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवावा. शिसं मऊ असतं. कानशीनं घासलं तर खुंटी बारीक होते आणि क्लॅम्प कधीच घट्ट बसत नाही. लगचं तांबं लालसर चमकेपर्यंत घासावं. इथंच वायरही तपासावी. प्लास्टिकचं आवरण जिथं संपतं तिथं तारा काळ्या-हिरव्या दिसल्या, तर आम्ल आणि खारं पाणी तारांच्या मधल्या फटींतून आत चढलेलं आहे. हा भाग कितीही पुसला तरी उपयोग नाही. आत चमकतं तांबं लागेपर्यंत वायर कापावी आणि नवा लग दाबून बसवावा. बोटीवर शक्य असेल तर वायर आणि लग कथलाचा मुलामा असलेलेच घ्यावेत. आपल्या घरात तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात त्याचं आणि या मुलाम्याचं काम अगदी एकच : आंबट पदार्थ तांब्यापर्यंत पोचू न देणं. कळकलेलं ताक ज्यांनी पाहिलंय त्यांना लग का हिरवा होतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

जोडताना क्रम उलटा : धन, ऋण, मग पॅनल, शेवटी भार. सांधा कोरडा, धातूला धातू टेकलेला असा बसवायचा आणि घट्ट केल्यावरच बाहेरून सगळीकडे पेट्रोलियम जेली लावायची. जेली वीज वाहून नेत नाही. तिचं काम हवा आणि ओल बाहेर ठेवणं एवढंच. घट्ट किती करायचं याचा आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात असतो. जोर लावून आवळलं तर खुंटीचं सील तडकतं आणि आम्लाला वर यायला नवी वाट मिळते. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं, म्हणून आठवडाभरानं पाना लावून पुन्हा एकदा पाहावं.

खपली परत येते का, आणि कुठं, यावर पुढचं निदान अवलंबून आहे. दोन आठवड्यांत त्याच एका खुंटीच्या बुडाशी ती उगवली, तर सील गेलेलं आहे. ती खुंटी वारंवार धुवत राहणं आणि बॅटरीचे शेवटचे महिने काढणं एवढंच हाती असतं. सगळा माथा ओला दिसत असेल तर बहुधा पाणी जास्त भरलं आहे. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते, म्हणून डिस्टिल्ड वॉटर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरायचं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील इतकंच. पाणी जास्त नसूनही माथा ओला होत असेल आणि दर काही दिवसांनी पाणी कमी होत असेल, तर चार्जरचा दाब जास्त आहे. यात उष्णतेचाही हात असतो. चार्जरचे आकडे सहसा २५ अंशांसाठी दिलेले असतात. बंद खोलीत किंवा इंजिनाशेजारी ३५-४० अंश असतील, तर १२ व्होल्टच्या बॅटरीला पाव व्होल्टच्या आसपास कमी दाब पुरतो. तो कमी केला नाही तर बॅटरी उकळत राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य सुमारे निम्मं होतं, हा ठोकताळा मुंबईत विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बोटमालकांसाठी बंदीचे दोन महिने ही खरं तर संधी आहे. मेअखेर बोट वर ओढली की बॅटरी काढून, धुऊन, पूर्ण चार्ज करून घरात कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी. क्लॅम्प मोकळे करून त्यांना जेली लावून पिशवीत बांधून ठेवले, की जुलैअखेर ते जसेच्या तसे हाती येतात. गृहनिर्माण संस्थांनी जनरेटर दर महिन्याला सुरू करून पाहावा, आणि तो नुसता रिकामा न फिरवता लिफ्ट आणि पंप त्यावर चालवून पाहावा. देखभालीच्या कंत्राटात 'बॅटरी तपासणे' एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी भार चालू असताना प्रत्येक टर्मिनलवरची व्होल्टेजची गळती मोजून वहीत लिहावी, असं स्पष्ट लिहून घ्यावं. एका जनरेटरवर बहुधा चारच सांधे असतात. चार आकडे लिहायला दहा मिनिटं पुरतात, आणि महिन्यागणिक वाढणारा आकडा संकट यायच्या कितीतरी आधी दिसतो.

शिशाबद्दल थोडं सविस्तर बोलणं गरजेचं आहे. धुतलेलं पाणी, खपली पुसलेलं फडकं, घासलेला भुगा या सगळ्यांत शिसं असतं. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा परिणाम होतो आणि शरीरात त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. म्हणून हे काम ओट्यावर, विहिरीपाशी किंवा मुलं खेळतात त्या अंगणात करू नये. धुताना बॅटरी प्लास्टिकच्या पसरट टपात ठेवावी, म्हणजे पाणी खाडीत किंवा मातीत न जाता टपात जमतं. फडकी, ब्रश आणि तो गाळ पिशवीत घट्ट बांधून जुन्या बॅटरीसोबतच द्यावा. हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू किंवा खाणं तोंडात टाकू नये.

आणि बॅटरी खरंच संपली असेल, तर तिचं काय करायचं ते कायद्यात आहे. २००१ पासून शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांची जागा घेतली आणि सर्व प्रकारच्या जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. जुनी बॅटरी दुकानदाराला परत दिली की नव्या बॅटरीच्या किमतीतून रक्कम वजा होते, कारण आतलं जवळजवळ सगळं शिसं पुन्हा वापरता येतं. भंगारवाला कधी कधी थोडे जास्त पैसे देऊ करतो. पण ती बॅटरी एखाद्या वस्तीत आम्ल गटारात ओतून, शिसं उघड्या भट्टीवर वितळवून संपण्याची शक्यता असते, आणि त्या भट्टीचा धूर तिथल्या मुलांच्या रक्तात जातो. पाड्यावर किंवा बंदरावर आठ-दहा जुन्या बॅटऱ्या जमल्या असतील तर त्या उभ्या स्थितीत, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, एकदमच विक्रेत्याकडे न्याव्यात आणि परत घेतल्याची पावती मागावी.